पांढरी रेषा, चार चाकं आणि पाच सेकंद: ट्रॅक लिमिट्सवर जरा डोकं लावू

दोन_नंबर_गिअर (सांगली)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज राहवेना म्हणून धागा काढतोय.

घरी सिम्युलेटर लावलाय, म्हणजे आईच्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलाला स्टीअरिंग क्लॅम्प करून खाली पेडल, बायको त्याला 'तुमची गिरणी' म्हणते. तर गेले पंधरा दिवस ऑस्ट्रियाच्या रेड बुल रिंगवर झगडतोय. छोटासा ट्रॅक, दहा वळणं, पण शेवटची दोन, नववं आणि दहावं, दोन्ही उताराची, उजवीकडची आणि सुसाट. दरवेळी तिथं गाडी डावीकडं वाहते, चारी चाकं रेषेबाहेर, स्क्रीनवर लाल अक्षरात 'लॅप इनव्हॅलिड'. आधी वाटलं आपणच गावठी, मग २०२३ ची तिथलीच खरी फॉर्म्युला वनची (एफ वन) रेस आठवली आणि जिवाला जरा बरं वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी रेस कंट्रोलपुढं, म्हणजे पंचांपुढं, रेषा ओलांडल्याचे १२०० च्या वर संशयास्पद प्रकार आले, एका रेसमध्ये! ८३ लॅपटाइम रद्द केले. रेस संपली, पोडियम झालं, शॅम्पेन उडाली, मग ॲस्टन मार्टिन टीमनं प्रोटेस्ट टाकला की काहींना द्यायची ती शिक्षा दिलेलीच नाही. परत सगळं तपासलं आणि आठ ड्रायव्हरना नव्यानं पेनल्टी. मी झोपताना साइन्झ चौथा होता, सकाळी चहाला बसलो तर सहावा. हॅमिल्टन सातव्याचा आठवा.

नियम तसा सोपाय. पांढरी रेषा म्हणजे ट्रॅकची हद्द, रेषा आत धरायची, तिच्या पलीकडचा लाल-पांढरा कर्ब, म्हणजे काठाचा उंचवटा, बाहेर. गाडीचा कुठलाच भाग रेषेला किंवा आत टेकलेला नसेल तर तुम्ही ट्रॅक सोडला. रेसमध्ये तीनदा माफ, तिसऱ्याला काळा-पांढरा झेंडा दाखवतात, चौथ्याला पाच सेकंद, पुढं दहा.

माझा प्रश्न एवढाच, की बाहेर गेल्यावर फायदा होतो म्हणून तर पोरं जातात ना? मग कॅमेरे आणि कागद लावून पोलीसगिरी करण्यापेक्षा बाहेर गेल्यावर तोटाच होईल अशी जमीन का करत नाहीत?

---

कृष्णाकाठ (मिरज)

चांगला विषय. मला या नियमाचं कायम हसू येतं. आम्ही कबड्डी खेळलेली माणसं. अंगाचा कुठलाही भाग रेषेबाहेर जमिनीला टेकला की बाद, विषय संपला. इथं उलटं, गाडीचं एक चाक जरी रेषेवर राहिलं तरी साहेब आत! तीन चाकं बाहेर घालून वर फायदा घ्यायची मुभा नियमानंच दिलीय, मग चौथं गेलं तर ओरडायचं कशाला.

बाहेर जाऊन फायदा का होतो हेही नवीन वाचकांना सांगा कुणीतरी.

---

मृण्मयी_स (सातारा)

मी सांगते, रस्त्यांचंच काम करते. वळणाची त्रिज्या वाढली की तोच टायर जास्त वेगात तेच वळण घेऊ शकतो. ऊसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चौकात वळताना समोरची अख्खी लेन खातो ना, कारण त्याला मोठा वळसा लागतो. रेसवाला तोच वळसा वेगासाठी घेतो. वळणातून बाहेर पडताना अर्धा-एक मीटर जादा मिळाला तर ॲक्सिलरेटर थोडा आधी दाबता येतो, आणि दहाव्या वळणानंतर थेट मेन स्ट्रेट आहे, म्हणजे तो थोडा जादा वेग अख्ख्या सरळीवर पुरतो. शिवाय इतकं खाली बसल्यावर पुढच्या चाकाआडून ती रेषा धड दिसतही नाही. सगळे अंदाजानं चालवतात आणि अंदाज सेंटीमीटरचा लागतो.

---

टीका_सम्राट

एवढ्या पैशाचा खेळ आणि रेषेवरून भांडण. गल्लीतलं क्रिकेट बरं, भिंतीपलीकडं गेला की आऊट आणि बॉल ज्यानं मारला त्यानं आणायचा.

---

दोन_नंबर_गिअर (सांगली)

@टीका_सम्राट, हसण्यावारी नेऊ नका, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. मोनॅकोत ट्रॅक लिमिट्सचा धागा कधी निघाला का? नाही, कारण तिथं रेषेपलीकडं भिंत आहे. चुकला की चाक तुटलं, घरी जा.

आणि नियमाचा घोळ आधी याहून मोठा होता. २०२१ पर्यंत वळणा-वळणाला वेगळा हिशेब, इथं कर्ब चालतो, तिथं चालत नाही. त्या वर्षीच्या बहारीनमध्ये चौथ्या वळणाला रेसमध्ये हॅमिल्टनसकट बरेच जण लॅपमागून लॅप बाहेरून जात होते, मध्येच इंजिनिअर सांगतोय आता बंद करा. आणि शेवटी व्हर्स्टापननं त्याच वळणाला बाहेर जाऊन हॅमिल्टनला गाठलं तर जागा परत द्यायला लावली, पाऊण सेकंदानं रेस गेली. २०२२ पासून मात्र सगळीकडं पांढरी रेषा म्हणजे रेषा. नियम साफ झाला पण पकडापकडी वाढली, कारण आता प्रत्येक वळणाला प्रत्येक गाडी मोजायची.

---

घाटमाथा (वाई)

बाइकवाल्यांची बाजू मांडतो. मोटोजीपीत कर्बच्या बाहेर हिरवा रंग मारलेला असतो, टायर हिरव्यावर गेला की संपलं. शेवटच्या लॅपला गेलात तर थेट एक नंबर खाली. २०२० ला याच रेड बुल रिंगवर मोटो-टूमध्ये (मोटोजीपीच्या खालचा वर्ग) होर्हे मार्टिन पहिला आला, शेवटच्या लॅपला हिरव्याला टेकला म्हणून दुसरा केला आणि बेझेकीला पहिला. रडला असेल बिचारा. बाकी वेळी लाँग लॅपची शिक्षा, वळणाच्या बाहेरून आखलेल्या लांबच्या वाटेनं एकदा जाऊन यायचं. मला ही शिक्षा फार आवडते, रेस संपल्यावर कागदावर काही नाही, सगळ्यांसमोर तिथंच वसूल.

आता तुमची जमीन. ऑस्ट्रियात रेती टाका असं एफआयएनं, म्हणजे कार रेसिंगच्या जागतिक संघटनेनं, २०२३ च्या त्या गोंधळाच्या रात्रीच सुचवलं होतं, पण अडचण अशी की तोच ट्रॅक कार आणि बाइक दोघांनाही लागतो. बाइकवाला पडला की गाडी एकीकडं, माणूस एकीकडं, त्याला घसरत थांबायला रेती बरी. कारवाला मात्र गाडीतच असतो, त्याला ब्रेक लागतील असं डांबर पाहिजे. एकाच वळणाला दोन आजारांची दोन औषधं.

---

दोन_नंबर_गिअर (सांगली)

पण २०२४ ला टाकलीच की! नववं-दहावं, दोन्हीकडं कर्बला लागून रेतीची अरुंद पट्टी, पलीकडं डांबर तसंच ठेवलं. आणि कमाल म्हणजे जिथं आदल्या वर्षी हजारात प्रकार होते तिथं एकदम शांतता. तेच ड्रायव्हर, तीच रेषा. मग ही सगळी पोरं एका वर्षात सुधारली का? रेतीत चाक गेलं की वेग जातो, गाडीचा तळ खरवडतो, टायरला खडे चिकटतात, म्हणून आपोआप हात आत येतो. (तरी त्या वर्षी पियास्ट्रीचा क्वालिफाइंगचा, म्हणजे रेसच्या आधी नंबर ठरवायचा, लॅप रद्द झालाच, पण सहाव्या वळणाला!)

---

हाडवैद्य (मिरज)

रेतीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. हाडांचा डॉक्टर आहे, रेसचा नाद कॉलेजपासून.

१९९९, सिल्व्हरस्टोन. शूमाकरचे मागचे ब्रेक गेले, समोर रेतीचा मोठा खड्डा होता, पण गाडी त्यावरून अशी गेली की जणू पाण्यावरून सपाट दगड फेकलाय. वेग पुरेसा कमी झालाच नाही, थेट टायरच्या भिंतीत, उजवा पाय मोडला, सहा रेस बाहेर. सरळ आणि वेगात आलेल्या गाडीला रेती फारशी धरत नाही. आणि आडवी आलेल्या गाडीला इतकी धरते की चाक रुततं आणि गाडी पलटी. २०२२ ला त्याच सिल्व्हरस्टोनला झोउ ग्वानयू या ड्रायव्हरची गाडी उलटी होऊन डांबरावरून घसरत आली, रेतीत उसळली आणि टायरच्या भिंतीवरून उडून जाळीत जाऊन अडकली. डोक्यावरच्या हेलोमुळं, म्हणजे संरक्षक कड्यामुळं, पोरगा चालत्याबोलत्या अवस्थेत बाहेर आला. रेतीनं थांबवलं नाही, उलट उचललं.

म्हणून तर डांबराचे रनऑफ, म्हणजे ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जागा, आले. मॉन्झा ट्रॅकच्या पॅराबोलिका वळणाला २०१४ मध्ये रेती काढून डांबर केलं तेव्हा सगळे जुने लोक चिडले होते, मीपण. पण चिडताना आपण सोफ्यावर बसलेलो असतो हे विसरू नये. डांबर आलं म्हणून माणसं वाचली, आणि डांबर आलं म्हणूनच रेषेची चोरी सुरू झाली, दोन्ही खरं. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात बांधल्याशिवाय या विषयावर बोलू नये असं माझं मत.

---

मृण्मयी_स (सातारा)

डॉक्टरांना +१. आणि जागा हा मूळ प्रश्न आहे हे कुणी बोलत नाहीये. इमोला ट्रॅकचं टँबुरेलो वळण घ्या, १९९४ ला ड्रायव्हर आयर्टन सेना गेला ते. भिंत इतकी जवळ का, मागं का सरकवली नाही, तर भिंतीमागं नदी, सँटेर्नो. ड्रॉइंगवर सगळे म्हणणार रनऑफ वाढवा, जागेवर गेल्यावर नदी. शेवटी वळणच बदललं, तिथं शिकेन, म्हणजे नागमोडी वळण, करून वेग पाडला. आमच्या खात्यातही हेच. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याकडं उतरताना ते एस वळण आहे, सगळ्यांना माहितीये, तिथं किती बोर्ड आणि रंबलर लावले तरी जो वेगात आला त्याला चुकायला जागाच नाही. चूक होणार हे धरून रस्ता बांधायचा असतो, चूक करू नका असा बोर्ड लावून नाही.

---

रानातला_गडी (खटाव)

लय भारी चाललंय. मी एफ वन बघत न्हाई, पोरगं बघतंय, पण ह्यो सगळा किस्सा आमच्या बैलगाड्याच्या मैदानाला जसाच्या तसा लागू हाय म्हणून लिहितो.

आमच्याकडं एका गटात पाच-सात गाड्या सुटत्यात, परत्येकाला आपापला तास, कोण चाकोरी म्हणतंय. फक्कीच्या रेषा मारत्यात पण नुसत्या फक्कीला बैल काय जुमानतोय व्हय, म्हणून मधी मातीचा वरंबा घेतो. बैल आपला तासात राहतोय आपोआप. तास सोडून दुसऱ्याच्या तासात गेली की गाडी बाद, मग ती पयली का यीना. आता ड्रोन आल्यात, निकालाला स्क्रीन आली, पंचाचं डोकं खायचं कमी झालं. म्हंजे तुमची रेती तोच आमचा वरंबा बगा.

---

टीका_सम्राट

आता एफ वन आणि बैलगाडी एका धाग्यात. उद्या फेरारीच्या पुढं बेंदूर घाला.

---

कृष्णाकाठ (मिरज)

का नको? बैलाला लाखात मागणी आहे आणि तो पेट्रोल पीत नाही. टीकाराव, २०१४ ला सुप्रीम कोर्टानं या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात परत परवानगी आली आणि २०२३ च्या मे मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला, ते सगळं नियम पाळायच्या अटीवरच. कलेक्टरची परवानगी, काठी नाही, शॉक नाही. म्हणजे नियम राबवायचा कसा हाच प्रश्न तिथंही आहे. रानातले गडी, तुम्ही लिहा.

---

रानातला_गडी (खटाव)

लिहितो, जरा लांबड हुईल.

तासाचं आमचं जमलंय. आमची अडचण निकालाच्या पुढं हाय. बैल काय निशाणापाशी ब्रेक मारत न्हाई, त्यो आनी शंभर-दीडशे पावलं सुसाट जातोय, कासरा वडला तरी. त्येच्यासाठी पुढं रान मोकळं सोडायचं असतंय. आन नेमकं तितंच पब्लिक! कारण तितं उभं ऱ्हायलं की निकाल डोळ्यासमोर दिसतोय, मोबाईलमधी व्हिडीओ झ्याक येतोय. माईकवरनं समालोचक घसा फोडून सांगतोय, "पुढचं पब्लिक मागं सरा, पाया पडतो मागं सरा", कोण सरतंय. गाडी आली की पब्लिक फाटतंय आन गेली की परत मिळतंय, वड्याच्या पाण्यावानी.

गेल्या सालात आमच्या शेजारच्या एका गावात मैदान हुतं, नाव सांगत न्हाई. कमिटीनं डोकं चालवलं आन पब्लिक आडवायला पुढं ट्रॅक्टर-ट्रॉल्या आडव्या लावल्या वळीनं. पब्लिक ट्रॉलीवर चढून बसलं, झकास सोय झाली. तिसऱ्या गटात एक जोडी मोकळी झाली, ड्रायव्हर मधीच पडल्याला, कासरा धरायला कोण न्हाई, बैल सरळ ट्रॉलीवर. एका बैलाचं शिंग गेलं, ट्रॉलीवरचं एक पोरगं खाली पडून हात मोडला. बैलाच्या मालकाला रडताना बघितला मी, पन्नाशीचा माणूस.

आता औंदा आमच्या गावचं मैदान हाय आन कमिटीत मी हाय. म्हणून इचारतो, तुमच्या त्या रेसमधी गाडी थांबवायला पुढं काय करत्यात?

---

हाडवैद्य (मिरज)

पहिली गोष्ट, ट्रॉल्या नकोत. हे जगाला २०१४ ला जपानच्या सुझुका ट्रॅकवर कळलं. पावसात एक गाडी बाहेर गेली, ती उचलायला ट्रॅक्टरसारखी क्रेन रनऑफमध्ये आणली, आणि त्याच जागी ड्रायव्हर ज्यूल्स बियांकी घसरत येऊन त्या क्रेनखाली गेला. नऊ महिन्यांनी वारला. चुकलेल्या माणसासाठी ठेवलेल्या जागेत जड वस्तू उभी करायची नाही, मग ती मदतीसाठी आणलेली का असेना.

---

घाटमाथा (वाई)

आणि बाहेर गेलेली गाडी परत आत येता कामा नये हेपण बघा. २०१९ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर एफ-टूच्या (एफ वनच्या खालचा वर्ग) रेसला ह्युबेअरची गाडी बॅरिअरला धडकून परत फिरली आणि मागून येणारा कोरेया तिच्यावर. ह्युबेअर गेला, कोरेयाचे पाय कसेबसे वाचवले. नंतर तिथं बॅरिअर मागं नेलं, जागा वाढवली, काही वळणांना रेती टाकली. आणि २०२० ला ऑस्ट्रियात बाहेर पडलेली बिनमाणसाची बाइक उडून परत ट्रॅकवर आली, रॉसी आणि विन्यालेसच्या मधून गेली, व्हिडिओ बघून अजून पोटात गोळा येतो. तिथं आता शिकेन केलाय. तुमच्याकडंही पुढं गेलेली जोडी वळून परत निशाणाकडं येत असेल तर पुढचा गट सोडायच्या आधी ती बाजूनं बाहेर काढायची वाट पाहिजे.

---

दोन_नंबर_गिअर (सांगली)

दादा, रेतीचंच सोपं रूप करा की. निकालाच्या पुढचं पन्नास पावलं रान नांगरून ठेवा, ढेकळांत बैलांचा वेग आपोआप पडेल, पब्लिकपण ढेकळांत उभं राहणार नाही.

---

रानातला_गडी (खटाव)

दोन नंबर गिअर, भावा, तू बैल राखला न्हाईस कधी. पळता बैल नांगरटीत घुसला की पाय मुरगाळला, गुडघ्यावर आला तर वरनं चकडी, म्हंजे शर्यतीची गाडी, अंगावर. डाक्टरसायेब म्हणालं तसंच, आडवं रुतलं की पलटी.

---

दोन_नंबर_गिअर (सांगली)

खरंय. चूक कबूल. गिरणीवर बसून रनऑफ डिझाइन करायला निघालो होतो.

---

मृण्मयी_स (सातारा)

चढ! नांगरट नको, चढ बघा. घाटात ब्रेक फेल झालेल्या ट्रकसाठी बाजूला चढाचा रॅम्प काढतात, वेग चढ खातो, कुणाला काही आदळत नाही. निकालाची रेषा अशा ठिकाणी घ्या की पुढं लगेच टेकाडाकडं जाणारं मऊ पण न नांगरलेलं रान असेल. पब्लिकला पुढं नाही, दोन्ही बाजूंना उंचावर, म्हणजे बांधावर बसवा, त्यांना व्हिडिओ तिथूनही मिळेल. माणसाला मागं सर म्हणून तो सरत नाही, त्याला दुसरीकडून जास्त चांगलं दिसलं की तो स्वतःच जातो. स्क्रीन आहे म्हणालात ना, ती बाजूच्या बांधासमोर लावा.

---

कृष्णाकाठ (मिरज)

स्क्रीनची आयडिया एक नंबर. हा धागा एफआयएला पाठवा कुणीतरी. त्यांनी २०२३ ला अबू धाबीत कॉम्प्युटरकडून रेषा तपासून बघितली होती, रेषेजवळचे प्रकार मशीननं चाळायचे आणि खरोखर शंका असेल तेवढेच माणसापुढं ठेवायचे. बाराशेचा डोंगर फोडायला ते ठीकच, पण मला अजून वाटतं की बाराशे होऊच न देणं हे खरं काम.

---

घाटमाथा (वाई)

कर्ब उंच करा असं कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, तो प्रयोगही अंगाशी आलाय. सॉसेज कर्ब म्हणून पिवळे उंचवटे लावायचे, २०१९ ला मॉन्झात एफ-थ्रीची पेरोनीची गाडी त्यावरून अक्षरशः हवेत गेली, बॅरिअरच्या वर. रेषा पाळायला लावायच्या नादात माणूस उडवला. रानातल्या दादांनी वरंबापण फार उंच करू नये, चकडीचं चाक चढलं तर तेच होणार.

---

रानातला_गडी (खटाव)

वरंबा वीतभरच असतोय, तेवढा चालतोय.

---

रानातला_गडी (खटाव)

(आठ दिवसांनी) धागा वर काढतो. कमिटीची बैठक झाली, दोन तास भांडण. मी ताईंचं चढाचं मांडलं तर आदी हसली, मंग सरपंच म्हणलं जागा तर बगू. वड्याच्या पल्याड एक रान हाय, सरळ हजार फुटाचं, पुढं माळाचा चढ, दोन्ही अंगाला बांध. ट्रॉल्या न्हाई लावायच्या हे एकमतानं ठरलं, त्या पोराचा मामा कमिटीतच हाय. जोडी भायेर काढायला डाव्या अंगानं वाट ठेवणार. स्क्रीनवाल्याला फोन केला, त्यो म्हणतोय बांधासमोर लावली तर वायर जास्त लागल, त्येचं पैसं वेगळं.

फकस्त एक घोळ हाय. त्या रानात शाळू हुबा हाय आन मालक म्हणतोय शाळू निघाल्याबिगार रान देत न्हाई. त्यामुळं तारीख पुढं जातीया. कुणाच्या वळखीत शाळू काढायला टोळी आसल तर मेसेज करा, मजुरी रोख.